उत्तर ऐकू येईल एवढा वेग

तात्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मला खाली बोलावलं आणि मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"इंदापूरपतूर जाऊन ये," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरच्या लोकास्नी सांगायला पायजे, ह्ये गेलं म्हणून."

मी म्हणालो, पेपरात आलं आहे, एव्हाना कळलं असेल.

"पेपरात नाव आलंय. रस्त्यावर ह्यांचं नाव कुणाला माहीत हाय? आन फोटू छापलाय त्यो नोकरीतला. त्यात मिशा हायत."

दोन्ही मुद्दे बिनतोड होते.

तात्या माझे घरमालक. बारामतीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी अकरा वर्षं राहतो आहे. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. ग्रंथालयात बोलू नये अशी पाटी आहे. ती मीच रंगवून घेतलेली आहे. गल्लीतल्या लोकांनाही मी मान हलवूनच ओळख देतो. अशा माणसानं पन्नासेक किलोमीटरच्या रस्त्यावर, बांधाबांधावर उभ्या असलेल्या लोकांना थांबून थांबून सांगायचं होतं की, एक माणूस गेला. मी किल्ली घेऊन वर आलो. ती चार दिवस टेबलावर पडून होती.

तात्या बेचाळीसच्या वेगानं गाडी चालवत. चाळीस नाही, पंचेचाळीस नाही. इंदापूरला गेले तरी बेचाळीस आणि नागपूरला गेले तरी बेचाळीस. निवृत्त झाल्यावर त्यांना लांबच्या प्रवासाची गोडी लागली. नागपूरला ते चार दिवसांत पोचले, हंपीला तीन. गाडी शंभर सीसीची, काळी. तिच्या काट्याखाली एकशे वीसपर्यंत आकडे छापलेले होते. एवढे आकडे कशाला हवेत, हा त्यांचा प्रश्न होता. पण कंपनी कापून देत नाही, असं ते म्हणत.

या बेचाळीसमागे विचार होता. आमच्या भागात वाटेनं जाताना समोर माणूस दिसला की काहीतरी म्हणायची रीत आहे. कुणी राम राम म्हणतो, कुणी जय भीम, कुणी नुसतंच "काय पाव्हणं" म्हणतो, आणि समोरचा त्याला उत्तर देतो. पायी चालणाऱ्यांची ही रीत. सायकलवर ती टिकली, मोटारसायकलवर सुटली. तात्यांनी ती सोडली नाही. गाडीवरून ते "जय भीम!" म्हणत, आणि त्याचं उत्तर आपण पुढं निघून जायच्या आत आपल्या कानावर पडलं पाहिजे, असा त्यांचा नियम होता. पडलं नाही तर आपला वेग जास्त आहे.

"आन लय हळू गेलो तर?" मी एकदा विचारलं होतं.

"मग लोक थांबवत्यात. च्या घ्या म्हणत्यात. नागपूरला कवा पोचायचं?"

पोटनियमही होते. शहराच्या हद्दीत जय भीम घालायचा नाही. तिथं लोक दचकतात. तीनपेक्षा जास्त माणसं एकत्र दिसली तरी घालायचा नाही, कारण त्यांना आपली गरज नाही. हॉर्न वाजवायचा नाही. त्याला उत्तर नसतं. आणि उत्तर काय आलं ते बघायचं नाही, आलं एवढंच बघायचं. जय भीमला राम राम आला तरी चालतो. हंपीच्या वाटेवर कानडीत काहीबाही आलं, तेही त्यांनी धरलं. एका म्हाताऱ्यानं काठी उगारली होती. ते मात्र त्यांनी बराच विचार करून सोडून दिलं.

बेचाळीस हा आकडा त्यांनी मोजून काढला होता. ते मोजणी खात्यात होते, भूकरमापक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात साखळी ओढली. अंदाजानं काही ठरवणं त्यांना जमत नसे. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी काकूंना मागं बसवून कन्हेरीला नेलं, रस्त्याकडेला उभं केलं, वीस पावलं अलीकडे चुन्याची रेघ मारली आणि तिथून जय भीम म्हणत गाडीवरून जायला सुरुवात केली. तीसच्या वेगानं, मग बत्तीस, मग चौतीस. दर वेळी काकूंनी उत्तर द्यायचं. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी काकू जे बोलल्या ते जय भीम नव्हतं, पण तात्यांना ते स्पष्ट ऐकू आलं. तेव्हा काटा बेचाळीसवर होता.

"लग्नातबी एवढा मान मिळाला न्हवता मला," काकू सांगत. "उन्हात हुबी करून."

हेल्मेट ते घालत. कायद्याचा माणूस. पण त्याची काच त्यांनी काढून टाकली होती आणि दोन्ही कानांच्या जागी गरम सळईनं भोकं पाडली होती. एका पोलिसानं त्याबद्दल विचारलं तेव्हा तात्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. पोलीस म्हणाला, "जा तुमी." पुढच्या खेपेपासून तो लांबूनच हात वर करी.

मला ते "लायब्ररी" म्हणत. शनिवारी दुपारी जिन्याखालून हाक येई, "काय लायब्ररी, येतोस का कोल्हापूरला?" मला नाही म्हणता येत नसे, कारण त्यासाठीही बोलावं लागतं. मी मागं बसे. माझ्याकडून जय भीमची अपेक्षा नव्हती. मागच्यानं फक्त मागं वळून बघायचं आणि कुणाचं उत्तर उशिरा आलं तर सांगायचं. हे काम मला जमण्यासारखं होतं.

कोल्हापूरला पोचल्यावर आम्ही काय पाहिलं ते मला आठवत नाही. मुक्कामाच्या जागेत त्यांना रस नसे. हंपीला त्यांनी अर्धा तास सगळं नीट पाहिलं, एका दगडी खांबाची रुंदी वितीनं मोजली आणि विचारलं, "निघायचं का?"

आतला रस्ता जिथं हायवेला मिळतो तिथं इंदापूरच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. एकदा तिथं पुण्याचे पाचसहाजण थांबले होते. मोठ्या गाड्या, जाकिटं, गुडघ्यांना ढाली. त्यांतल्या एकानं आमच्या गाडीकडे प्रेमानं बघत विचारलं, "काका, किती पळवता?"

"बेचाळीस."

"मायलेज भारी पडत असेल."

"ते बघितलं न्हाय कधी. तुमी कुठनं?"

"पुण्याहून. दोन तासांत."

"वाटंत कोण भेटलं?"

त्यानं मित्रांकडे पाहिलं. "कोणी नाही."

"मग तुमी आला न्हाय," तात्या म्हणाले. "तुमाला आणलंय."

सगळे हसले. तो मात्र जाता जाता हात वर करून "जय भीम, काका!" म्हणाला आणि त्यानं गाडी सोडली. तात्यांनी उत्तर दिलं तेव्हा तो हायवेला लागला होता. तात्या बराच वेळ तिकडं बघत राहिले. "दिलं मी उत्तर," ते म्हणाले. "पर ते हितंच पडलंय."

त्यांची चूक एकदाच झालेली मला माहीत आहे. कळसजवळ रस्त्याला लागून एका आबांची ज्वारी होती. पाखरांचे दिवस. ताटांमध्ये पांढरा सदरा घालून कुणीतरी उभं होतं. तात्यांनी जय भीम घातला. उत्तर आलं नाही. तात्यांनी काटा पाहिला, बेचाळीसच होता. त्यांनी गाडी वळवली, परत जाऊन पुन्हा घातला. उत्तर नाही.

"रागावलाय," ते मला म्हणाले. "गेल्या साली बांधाची मोजणी झाली हिकडं. मी न्हवतो त्यात, पर लोकास्नी सगळे मोजणीवाले सारखेच."

मग ते गाडी लावून उतरले आणि समजूत काढायला शेतात शिरले. ते बुजगावणं होतं. त्याच्या अंगातला सदरा आबांचा होता आणि आबा पलीकडे बांधावर बसून हे सगळं पाहत होते. त्यांना हसू आवरेना. पण तात्या गोरेमोरे झाले नाहीत. त्यांनी बुजगावण्याची उंची, रस्त्यापासूनचं अंतर बघितलं आणि "चूक होण्यासारखीच हाय," असा निर्वाळा दिला.

त्यानंतर आबांनी ते बुजगावणं काढलंच नाही. ज्वारी निघाली, मका आला, मका गेला, ते उभंच. आम्ही दिसलो की आबा शेतात असतील तिथून त्याच्या वतीनं ओरडत, "राम राम, तात्या! मी न्हाय, त्यो म्हणतोय!"

उत्तराचं एवढं का, हे मी त्यांना एकदाच विचारलं. करमाळ्याच्या पुढं कुठंतरी इंजिन गार व्हायला आम्ही लिंबाखाली बसलो होतो. काकूंनी दिलेली भाकरी सोडली होती. तात्यांनी आधी घास संपवला.

"माझा आजा वाटंनं जाताना जोहार घालायचा," ते म्हणाले. "समोरचा निघून जायचा. आज्याला वाटायचं, ऐकू गेलं नसंल. म्हणून त्यो आनखी मोठ्यानं घालायचा. छप्पन साली माझ्या बापानं जोहार सोडला. जय भीम म्हणायला लागला. त्यालाबी निम्मे लोक ऐकू न आल्यासारखं करायचे. मग मी मोजणीत लागलो. गावात शिरलो की दोन्ही बांधावरनं राम राम. पैलं कोण घालतो त्याची शर्यत. मला काय ते कळत न्हवतं व्हय? हातात नकाशा हुता माझ्या."

त्यांनी फडकं झटकून घडी घातलं.

"आता हातात काय न्हाय. म्हणून बघतोय."

ते उठले, इंजिनाला हात लावून पाहिला. "गार झालं. चल."

बेचाळीसचा नियम त्यांनी एकदा मोडला, आणि तो माझ्यामुळे.

माझं गाव इंदापूरच्या पुढं, भीमेपलीकडे. चार वर्षांपूर्वी एका सकाळी ग्रंथालयात भावाचा फोन आला की, अण्णांचं काही खरं नाही, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, लगेच नीघ. मी घरी येऊन पिशवी भरत होतो. एसटीला तास होता. तात्या जिन्यात आले, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता खाली जाऊन गाडी काढली. मी मागं बसलो. आज बेचाळीसनं जाऊ नका, असं म्हणायचं माझ्या मनात होतं. तोंडातून निघालं नाही. मला वाटलं, ह्यांच्या नियमापायी माझे वडील जातील आणि मी गप्प बसल्यापायी जातील.

कन्हेरी मागं पडली तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरून काटा पाहिला. तो ऐंशीवर होता. ती गाडी थरथरत होती. तात्यांनी मान ताठ धरली होती आणि तोंड मिटलेलं होतं. रस्त्याकडेला माणसं हात वर करत होती, काही हाका मारत होती. तात्यांनी एकाकडेही पाहिलं नाही. कळसला आबा बांधावर उभे राहिले आणि उभेच राहिले. मी मागं वळून पाहत होतो, सवयीनं.

आम्ही पोचलो तेव्हा अण्णा शुद्धीवर होते. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "कशानं आलास?"

"मोटारसायकलवर."

त्यांनी माझ्यामागं उभ्या असलेल्या, धुळीनं माखलेल्या तात्यांकडे पाहिलं. "सावकाश यायचं की," ते म्हणाले.

तात्यांनी मान खाली घातली.

अर्ध्या तासानं अण्णा गेले. त्यांचा हात माझ्या हातात होता. बेचाळीसनं आलो असतो तर पाऊण तास उशीर झाला असता. हा हिशेब मी पुढं कितीतरी वेळा केला. तात्यांनी तो केला असणारच, पण ते त्यावर कधी बोलले नाहीत आणि मीही नाही. साधे आभारसुद्धा मानले नाहीत. रोज सकाळी जिन्यात भेटत, मी मान हलवी, ते म्हणत, "काय लायब्ररी."

दोन महिन्यांनी मी पुन्हा त्यांच्या मागं बसून निघालो. कळसच्या अलीकडे पेरूची पाटी घेऊन बसणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्यापाशी तात्या थांबले. बाईंनी मला न्याहाळलं.

"ह्योच का त्यो? वडील गावलं का रं, बाबा?"

मी म्हणालो, सापडले.

"बोललं का?"

"बोलले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पाटीतला सगळ्यात मोठा पेरू माझ्या हातात ठेवला. पुढं आणखी दोघांनी हेच विचारलं. आबांनी तर गाडी थांबवून विचारलं. ह्या लोकांना माझे वडील कसे माहीत, हे मला कळेना. घरी आल्यावर काकूंनी सांगितलं. मला गावी सोडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या त्याच रस्त्यानं परत गेले होते. आदल्या दिवशी ज्यांच्याकडे न बघता पुढं गेले, त्या एकेकापाशी थांबून सांगितलं होतं: काल बोलता आलं न्हाय, मागं लायब्ररी हुता, त्याच्या वडलांचं हुतं.

"सकाळी गेल्यालं, दिवस मावळताना आलं," काकू म्हणाल्या. "समद्यांनी च्या पाजला. रातभर झोप न्हाय."

पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी टेबलावरची किल्ली घेतली. तात्यांचंच हेल्मेट घातलं. भोकांतून वारा कानात शिरतो आणि माणसाला रस्ता फार जवळून ऐकू येतो, हे तेव्हा कळलं.

कन्हेरीला कडवळाचा भारा डोक्यावर घेतलेले एक गृहस्थ चालले होते. मी काटा बेचाळीसवर आणला आणि जय भीम म्हणालो. ते ग्रंथालयाच्या आवाजात निघालं. त्यांनी गाडी पाहिली, मला पाहिलं आणि बघतच राहिले. मी पुढं गेलो, थांबलो, वळून आलो.

"गाडी तात्यांची," ते म्हणाले. "तात्या कुठं हायत?"

मी वाक्य तयार करून आणलं होतं. तात्यांचं गेल्या आठवड्यात निधन झालं. तेच म्हणालो.

त्यांनी भारा खाली टाकला. मग म्हणाले, "नाव काय हुतं वो त्यांचं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "दहा वरसं राम राम हाय आमचा," ते म्हणाले, "पर नाव कधी लागलं न्हाय."

दिवसभर हेच झालं. तात्या कुठं हायत, कशानं गेलं, आणि मग नाव काय हुतं. मी सांगत गेलो. झोपेत गेले. त्रास झाला नाही. तिसऱ्या-चौथ्या माणसापासून तयार वाक्य सुटलं आणि मी नुसतं "तात्या गेले" म्हणायला लागलो. पेरूवाल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि काकूंसाठी पिशवी भरून दिली. तो हेल्मेटचं विचारणारा पोलीसही चौकात होता. त्यानं टोपी काढली. जय भीम कधी मोठ्यानं म्हणायला लागलो ते लक्षात आलं नाही. एकदा एका मेंढपाळानं इतक्या जोरात उत्तर दिलं की, मीच दचकलो.

कळसला आबा विहिरीवर होते. मी शेतात जाऊन सांगितलं. त्यांनी नावही विचारलं नाही. बुजगावण्याचा सदरा वाऱ्यानं सरकला होता, तो त्यांनी नीट केला. "बराय," म्हणाले आणि मोटर बंद करायला निघून गेले. मला वाटलं, ह्यांना फारसं काही वाटलं नसावं.

इंदापूरला पोचायला दोन वाजले. टपरीवर चहा घेतला. सांगायचं राहिलेलं कुणी उरलं नव्हतं. काम झालं होतं. परतीच्या वाटेला लागलो तेव्हा सकाळसारखं ऊन पुन्हा समोर आलं होतं. मी तात्यांचा, अण्णांचा, त्या पाऊण तासाचा विचार करत होतो. सकाळी ज्यांना सांगितलं ते आता शेतात पांगले असतील, असं धरून चाललो होतो. रस्त्याकडे फारसं लक्ष नव्हतं.

कळस आलं. ज्वारीच्या कडेला पांढरा सदरा दिसला. त्याच्या शेजारी दुसरा पांढरा सदरा होता, आणि त्यानं हात वर केला.

"जय भीम, लायब्ररी!"

इतक्या वर्षांत आबांच्या तोंडून राम रामखेरीज दुसरं काही घातलेलं ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडलं. उत्तर बाहेर पडेपर्यंत शेत मागं गेलं होतं, आणि माझा आवाज पुढच्या रिकाम्या रस्त्यावर पडला.

मी काटा पाहिला. छप्पन्नवर होता.

गाडी हळू केली, आणि वळवली.